भिंतीकडे तोंड केलेले डबे

४ जून, मंगळवार

चिमणे,

आधी आशीर्वाद घे, मग पत्र फाडायचं तर फाड. पण फाडायच्या आधी अक्षर बघ. शेजारच्या शिंपीणबाईंकडून लिहून घेतलेलं नाही, माझं आहे. ओळ उताराला लागल्यासारखी खाली जाते, तेवढं सांभाळून घे.

जावयांचं कार्ड पोचलं. ‘मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.’ बस, एवढंच. मी आजी झाले हे मला एवढ्याशा ओळीत कळलं आणि मी ती ओळ बोटानं पुन्हा पुन्हा वाचली. शिंपीणबाईंना सांगायला धावत गेले, तर त्यांच्या तोंडात टाचण्या. बिचाऱ्यांना हसताही येईना. नुसती मान हलवत बसल्या.

मग घरी येऊन नीट बघितलं, तर मला शंका आली. कार्डावर माझा पत्ता एकदा खोडून परत लिहिलाय. म्हणजे पाठवावं की नाही असं झालं असणार. आणि खाली तुझी सही नाही. तुला न विचारता पाठवलं ना त्यांनी? मला कोणी काही सांगत नाही, पण माझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही. बाळाचा चेहरा कोणावर गेलाय हेही लिहिलं नाही. माझ्यावर गेला असेल म्हणून लपवत असाल.

आता तुला वाटेल, आईला लिहायला कधीपासून आलं. सांगते. रेडिओ केंद्रातून निवृत्त झाले, मग दिवसभर करायचं काय? कोपऱ्यावरच्या वाचनालयात जाऊन बसायला लागले, पंखा असतो म्हणून. पेपर उलटा धरलाय हे तिथल्या बाईंनी बघितलं, पण चार लोकांत बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एक पुस्तक पुढ्यात सरकवलं. कोणतं, ओळख. तुझंच. रेडिओवरून तू ज्याचे पाठ द्यायचीस ते, हिरव्या पुट्ठ्याचं, शाळेच्या पोरांचं. दर पंधरवड्याला मी ते परत नेते, बाई शिक्का मारतात आणि मी तेच पुन्हा घरी आणते. शिक्क्यांना जागा उरली नाही म्हणून मागे कागद चिकटवलाय. अकराव्या पानापर्यंत आले. बारावं अजून उघडलं नाही. जरा जड आहे ते.

मुख्य गोष्ट राहिलीच. परवा केंद्रातून एक बाई घरी आल्या. टेपांच्या लायब्ररीच्या नव्या बाई. तिथल्या सगळ्या जुन्या टेपा आता कॉम्प्युटरवर घेणार आहेत म्हणे. डब्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या, कुठं काय आहे कोणाला कळत नाही, आणि एकतीस वर्षं फडकं मारलेली मीच एक उरले. महिनाभर या, मावशी, म्हणाल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण साहेबांच्या दर्जाची बाई झाडपूसवालीच्या दारात स्वतः येते? एक शिपाई पाठवला असता तरी मी गेले असते. शिवाय चहा पिता पिता त्यांचे डोळे भिंतीवर. तुझ्या फोटोकडे बोट करून विचारलं, ‘याच का त्या?’

मी म्हटलं, भाची आहे.

उगाच कशाला कोणाला काही सांगा. बाळाला जप. तुला पाठदुखी असेल, गरम पाण्यानं शेक.

तुझी आई


१२ जून, बुधवार

चिमणे,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नाही की पोचूनही पोचलं नाही, ते तुझं तुला ठाऊक. जावई पत्रं तुझ्या हातात देतात ना? नाही, सहज विचारलं.

कामावर जायला लागले. लायब्ररी ओळखू येत नाही बघ. कपाटं तीच, पण निम्मी रिकामी, आणि खोलीभर आंबूस वास. जुन्या टेपा नासल्या की तसा वास येतो, नव्या बाई सांगत होत्या. टेप वाजवायची यंत्रं दोन, त्यातलं एक चालतं आणि दुसरं पहिल्याला सुटे भाग पुरवतं. महिन्याच्या आत खोली मोकळी करायची आहे, वरच्या साहेबांना तिथं मीटिंगसाठी लांब टेबल टाकायचंय. तेवढ्या दिवसांत जे कॉम्प्युटरवर जाईल ते वाचलं, उरलेलं भंगारात. बाई एकट्या. मी विचारलं, तुमच्या हाताखाली कोणी नाही? तर म्हणाल्या, तुम्ही आहात की.

मी काय आहे ते त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. मला एकही चिठ्ठी वाचायची गरज पडत नाही. शेतीच्या कार्यक्रमाचे डबे खिडकीकडे, कारण त्याचा साहेब सारखा खिडकीत उभा राहून बोलायचा. खोकणाऱ्या गवईबुवांची टेप खालून दुसरी, ओल लागलेली. पोरांचे पाठ दाराजवळ, कमरेच्या उंचीवर. पोरांचं सगळं कमरेच्या उंचीवर ठेवायचं हे माझंच डोकं होतं, आठवतं? बाई लिहितात, मी सांगते. मला फार मजा येते, ग. या वयात कोणी आपल्याला विचारून विचारून लिहून घेतंय म्हणजे काय.

पण त्यांच्या मनात काहीतरी आहे. दार लोटून फोन करतात. काल मी फडकं घेऊन दारापाशीच होते, दाराची मूठ पुसत होते, तर आतून तुझं नाव ऐकू आलं. संपूर्ण नाव, माहेरचं. मग म्हणाल्या, ‘पाचव्या पाठापासून पुढचं काहीच नाही. नेमकं काय झालं ते मी काढणार आहे.’

अकरा वर्षांनी हे कोण उकरतंय आणि का?

काय झालं ते तुला माहीतच आहे. पण तू तुझ्या बाजूनं बघतेस, म्हणून माझ्या बाजूनं पण एकदा वाच. ज्या शाळांत मास्तरच नाहीत तिथल्या पोरांसाठी तू पाठ द्यायचीस. चार पाठ लागले, पोरांची पत्रं पोत्यानं आली. पुढचे सहा तू एकदमच बोलून ठेवलेस आणि सहा डबे माझ्या हातात दिलेस. म्हणालीस, आई, मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेव, रजिस्टरात नोंद करून घे. आणि बुधवारी पाचवा पाठ लावायची वेळ झाली तर डबे कुठंच नाहीत. रजिस्टरात नोंद नाही. साहेब म्हणाले, बाईंनी पाठ केलेच नाहीत, खोटं सांगतात. तू म्हणालीस, आईकडे दिले होते. मला बोलावलं. मी म्हटलं, आठवत नाही.

एवढंच म्हटलं मी. नाही दिले असं म्हटलं नाही.

तेव्हाच्या मोठ्या साहेबांवर माझा संशय पहिल्यापासून आहे. तुझं नाव झालेलं त्यांना खुपत होतं. टकलावरून हात फिरवत बोलणारा माणूस सरळ नसतो. त्यांनीच डबे गायब केले असणार. दुसरं कोण करणार?

तुझी आई


२० जून, गुरुवार

चिमणे,

मी चोरी केली. घाबरू नकोस, परतही ठेवली.

सोमवारी नव्या बाईंच्या नावानं एक पार्सल आलं. लांबच्या कुठल्याशा शाळेतून. त्यांनी उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप टेबलाच्या खणात टाकलं. आता तूच सांग, साधीसुधी वस्तू असती तर माझ्याकडे कशाला बघतील? त्या दुपारी वरच्या साहेबांकडे गेल्या, आणखी दिवस मागायला. मी खण उघडला. कॅसेट होती. ती माझ्या जेवणाच्या डब्यात घातली, वर पोळी झाकली आणि घरी आणली.

शिंपीणबाईंकडे जुना टेपरेकॉर्डर आहे, शिवताना गाणी ऐकतात त्यावर. त्यांना म्हटलं, जरा बाजारात जाऊन या. त्या म्हणाल्या, माझ्याच घरातून मला हाकलता होय. आणि गेल्या नाहीत. माझ्यासारख्याच आहेत त्याही.

चिमणे, तुझा आवाज आला.

अकरा वर्षांनी. चौथा पाठ. कॅसेटला गुंडाळलेल्या चिठ्ठीत होतं, त्या शाळेत पुस्तकांचं एक कपाट आहे, ते सांभाळणाऱ्या गुरुजींनी रेडिओसमोर टेप ठेवून भरून घेतला होता, पुढच्या वर्षीच्या पोरांना ऐकवायला. त्यामुळं नुसती तू नाहीस, आख्खा वर्ग आहे आत. तू प्रश्न विचारून थांबतेस ना, त्या थांबलेल्या जागेत पोरं ओरडून उत्तर देतात. एकजण दर वेळी चुकीचं सांगतो आणि बाकीचे हसतात. तू इथे त्या बंद खोलीत कोऱ्या भिंतीला प्रश्न विचारायचीस, तेव्हा मी काचेपलीकडून बघून म्हणायचे, ही वेडी कोणासाठी थांबते? तिकडं हे चाललं होतं. शेवटी तू म्हणतेस, ‘बुधवारी बारावं पान उघडून ठेवा, मी येतेच.’

शिंपीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून ठेवल्या.

मग मी कॅसेट उलटी करून लावली. लावली नसती तर बरं झालं असतं. दुसऱ्या बाजूला तो बुधवार आहे. नुसती सतार चाललीये. तुझ्या पाठाऐवजी केंद्रानं सतार लावली होती ना. आणि त्या सतारीखाली पोरांची चुळबुळ. एक मुलगी म्हणते, ‘गुरुजी, बारावं पान उघडलंय. बाई आल्या नाहीत.’ गुरुजी म्हणतात, ‘थांबा. येतील.’ बराच वेळ सतार. मग खट्.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन मी कॅसेट खणात ठेवली. बाईंना कळलं असावं. पोळीचे कण होते तिच्यावर.

आता मला त्यांचा संशय येत नाही असं नाही. येतोच. पण त्या तुझे पाठ शोधतायत, एवढं कळलं. गावोगावच्या शाळांना पत्रं टाकलीत त्यांनी. सापडले चारच. कारण पुढचे लागलेच नाहीत, मग भरून कोण घेणार?

बाळ रात्री झोपतं का, हे तरी कळव.

आई


२७ जून, गुरुवार

चिमणे,

आज खोटं काही लिहायचं नाही असं ठरवून बसलेय, म्हणून पत्राला वेळ लागला. खोटं लिहायला कसं, हात आपोआप चालतो.

मंगळवारी लायब्ररीच्या दाराचा पल्ला काढला, लांब टेबल आत यायला हवं म्हणून. त्या पल्ल्याच्या आतल्या बाजूला एक जुना कागद होता, पिवळा पडलेला, वर कोणीतरी कॅलेंडर ठोकलेलं. कॅलेंडर निघालं आणि कागद दिसला. मी उभी होते. हातात फडकं होतं. आणि मला वाचता येतंय हे माझ्या लक्षातच राहत नाही अजून, मी नुसतं बघत होते, आणि अक्षरं आपली आपण बोलायला लागली. ‘सूचना. ज्या डब्यांची तोंडं भिंतीकडे आहेत, त्या टेपा पुसून कोऱ्या करायच्या आहेत. इतर कोणताही डबा तसा ठेवू नये.’ खाली मोठ्या साहेबांची सही. तारीख तुझ्या त्या बुधवारच्या आधीच्या गुरुवारची.

तू डबे माझ्याकडे शुक्रवारी दिलेस.

साहेब आदल्या संध्याकाळी रजेवर गेले होते. टेबलावर ठेवावेत तर कोऱ्या टेपांची तेव्हा नुसती मारामारी, नोंद नसलेला डबा दिसला की जो तो उचलून आपला कार्यक्रम त्यावर भरायचा. म्हणून मी काय केलं, तुझे डबे पोरांच्या कपाटात ठेवले आणि सहाही भिंतीकडे तोंड करून. नाव दिसलं नाही तर कोणी नेणार नाही. साहेब आले की सांगू. मला वाटलं, केवढी मी हुशार. जाताना डब्यांवरून हात पण फिरवला.

सोमवारी मशीनवाल्यांनी सगळे भिंतीकडचे डबे गोळा करून पुसले. त्यांनी त्यांचं काम केलं.

आणि आता सगळ्यात आतलं. तो कागद साहेबांनी चिकटवला तेव्हा मी तिथंच होते. त्यांनी विचारलं होतं, ‘मावशी, वाचलंत ना?’

मी म्हटलं, वाचलं की.

मला वाचता येत नाही हे केंद्रात एकतीस वर्षं कोणाला कळू दिलं नाही मी. पुस्तकांत नि टेपांत काम करणारी बाई, आणि अंगठेबहाद्दर? लोक हसतील, काढून टाकतील, असं वाटायचं. तू लहानपणी मला शिकवायला बसायचीस तेव्हा मी भांड्यांचं निमित्त करायचे. त्या चौकशीत तू माझ्याकडे बघत होतीस. माझ्या मनात आलंच होतं की उलटे ठेवलेले डबे नि तो दारावरचा कागद यांचा काहीतरी संबंध आहे. पण विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून विचारलं नाही. म्हटलं, आठवत नाही. तू खुर्ची सरकवून उठलीस तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून मी सगळ्या जगावर संशय घेते. साहेबांवर, जावयांवर, पोस्टमनवर, शिंपीणबाईंच्या कात्रीवर. दुसऱ्यावर घेतला की स्वतःवर घ्यायला सवड राहत नाही, चिमणे.

टकलावरून हात फिरवणारे साहेब बिचारे सरळच होते.

कागद काढून मी ओच्यात घातला. फाडणार होते. तुला खोटं कशाला सांगू. चुलीपर्यंत नेला होता.

आई


३ जुलै, बुधवार

चिमणे,

कागद जाळला नाही. नव्या बाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, फोटोतली माझी भाची नाही, मुलगी आहे. त्या म्हणाल्या, माहीत होतं, हनुवटी तीच आहे. मग मी सगळं सांगितलं. उभ्यानंच. त्यांनी खुर्ची दिली, पण बसवेना. मला वाटलं आता वरच्या साहेबांना बोलावतील. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, तुझ्या नावाचं पान. सहा ओळी, आणि प्रत्येक ओळीत एकच वाक्य, ‘निवेदिकेनं टेप जमा केली नाही.’ अकरा वर्षं तुझ्या नावापुढं हे बसलंय आणि निवृत्तीपर्यंत रोज मी त्या रजिस्टरावरची धूळ झटकत होते.

बाई म्हणाल्या, दुरुस्ती करायची तर मी लिहिते, तुम्ही खाली अंगठा करा.

मी म्हटलं, पेन द्या.

वेळ लागला. बाईंचा चहा गार झाला. मी लिहिलं: ‘सहाही टेपा माझ्या मुलीनं जमा केल्या. मी त्या भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. मला सूचना वाचता आली नाही.’ आणि सही. ओळ खाली गेली आहे, पण वाचता येते. बाईंनी त्याची नक्कल काढून दिली, ती या पत्रात आहे. ती जावयांना दाखव. तुझ्याबद्दल लोक काय बोलले ते त्यांच्याही कानावर गेलं असेल.

बाईंचं म्हणणं, पाचव्यापासूनचे सहा पाठ तू पुन्हा द्यावेस. तू आहेस तिथून देता येतात म्हणे आता, खोलीसुद्धा लागत नाही. चार जुने नि सहा नवे मिळून सगळे शाळांना पाठवायचे, त्या गुरुजींच्या कपाटात पण. खोली गेली तरी तेवढं तरी राहील, म्हणाल्या. त्यांनी तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही. संशय म्हणून नाही, तुला विचारल्याशिवाय आता मी तुझं काहीच कुठं ठेवणार नाही. हो म्हणालीस तर देईन. नाही म्हणालीस तर बाईंना सांगेन, आणि तुझ्याशी भांडणार नाही.

माफी मागायची होती, पण त्या शब्दात एकही जोडाक्षर नाही हे बघून मला वाटलं इतका सोपा कसा असेल, म्हणून ठेवून दिला.

बाळ तुझ्या मांडीवर असेल आत्ता. तिला लवकर वाचायला शिकव. भांड्यांचं निमित्त करायला लागली तर ऐकू नकोस.

आज बुधवार आहे. सकाळी वाचनालयात जाऊन शिक्का मारून आणला. पुस्तक समोर आहे, हिरवं. बारावं पान उघडून ठेवलंय.

आई